पुएर्तो विएहोला जायचं असेल तर: कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यासाठी गाईड

कोस्टा रिकाला जाणारे बहुतेक आपले लोक पॅसिफिकच्या बाजूला जातात, ज्वालामुखी बघतात, झिपलाईन करतात आणि परत. कॅरिबियन बाजू राहूनच जाते. मला विचाराल तर तीच बाजू आधी करा, आणि तिथे पनामाच्या बॉर्डरजवळचं पुएर्तो विएहो दे तालामांका हे गाव मुक्कामाला धरा. गाव छोटंसं आहे पण एका रस्त्यावर इटालियन माणसाचं पास्ताचं हॉटेल, फ्रेंच बेकरी, चिनी कुटुंबाचं किराणा दुकान, अर्जेंटिनाची सर्फिंग शिकवणारी पोरं असं सगळं भेटतं, आणि कानावर स्पॅनिशसोबत जमैकन वळणाची क्रिओल इंग्लिश पडते.

फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवून जा. हे बाहेरचे लोक सगळे नंतर आले. गाव मुळात कृष्णवर्णीय कॅरिबियन कुटुंबांचं आणि मागच्या डोंगरातल्या ब्रिब्री आदिवासींचं. किनाऱ्यावरचं लिमोन बंदर ते राजधानी सान होसे ही रेल्वे १८९० मध्ये पूर्ण झाली, त्या कामासाठी जमैकाहून माणसं आणली होती, पुढे केळीचे मळे आले, आणि या किनाऱ्यावरची कुटुंबं नारळ आणि कोको पिकवून जगत होती. १९७० च्या दशकाच्या शेवटी मोनिलिया नावाची बुरशी कोकोवर पडली आणि बागा बसल्या. टुरिझमचा जोर त्यानंतरचा. म्हणून तुमचं जेवण, गाईड, खोली यातलं जेवढं जमेल तेवढं स्थानिक माणसाकडून घ्या, पैसा योग्य ठिकाणी जातो आणि खरं सांगायचं तर ट्रिपपण जास्त चांगली होते.

कधी जायचं? इथे भले भले फसतात, कारण इंटरनेटवर कोस्टा रिकाचा ड्राय सीझन डिसेंबर ते एप्रिल असं लिहिलेलं असतं आणि ते पॅसिफिकचं असतं. कॅरिबियनचं गणित वेगळं. इथे सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात कोरडे, समुद्र शांत, पाणी स्वच्छ, म्हणजे आपल्याकडे गणपती ते दसरा चालू असतो तेव्हा. फेब्रुवारी-मार्चपण बरे. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस चांगलाच झोडपतो. तसा इथे कुठल्याही महिन्यात पाऊस येऊ शकतो म्हणा, त्यामुळे पातळ रेनकोट बॅगेत असूच द्या.

व्हिसाचं नीट बघा. भारतीय पासपोर्टवर कोस्टा रिकाचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा व्हॅलिड मल्टिपल एंट्री टुरिस्ट व्हिसा असेल तर सहसा त्यावर चालतं. बाकी कॅटेगरीवाल्यांनी कॉन्सुलेटकडून लेखी कन्फर्म करा, नियम बदलत असतात. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आणि पासपोर्टमधला व्हिसा स्टॅम्प संपलेल्या मंडळींनी तर खास लक्ष द्या, कॅनडा-मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन जुन्या स्टॅम्पवर परत येण्याची जी सवलत आहे ती कोस्टा रिकाला लागू नाही, म्हणजे परत येताना अडकाल. आणि देशाबाहेर जाण्याचं तिकीट इमिग्रेशनला विचारतात, प्रिंट काढून ठेवा.

सान होसेहून मेपे कंपनीची बस थेट गावात येते, चार-पाच तास लागतात. रस्ता ब्राउलिओ कारिओ नॅशनल पार्कच्या घाटातून जातो आणि जोरदार पावसात दरड पडून बंद होतो, म्हणून परतीच्या फ्लाईटच्या आदल्या रात्री सान होसेला मुक्काम ठेवा, त्याच दिवशी बसने येऊन विमान पकडायचं धाडस करू नका. पासपोर्ट आणि पैसे असलेली बॅग मांडीवर, डिकीत नाही. बस सकाळची घ्या, दिवसाउजेडी पोचलेलं बरं.

गावात पोचलात की पहिलं काम, सायकल भाड्याने घ्या. गावापासून कोक्लेस, मग प्लाया चिकिता, पुंता उवा आणि शेवटी मान्सानियो असा सगळा मिळून साधारण १३ किलोमीटरचा सपाट रस्ता आहे आणि मान्सानियोला तो संपतो. दोन्ही बाजूंना झाडी, कुठेही वळा की बीच. राहायला गावात गजबज आणि रात्री म्युझिक, शांतता हवी तर कोक्लेसच्या पुढे. कोस्टा रिकात भरतीच्या रेषेपासून पहिले ५० मीटर किनारा सार्वजनिक असतो, त्यामुळे हॉटेलसमोरच्या वाळूवर बसायला कोणाची परवानगी लागत नाही. अंधार पडल्यावर मात्र गाव ते कोक्लेस रस्त्यावर एकट्याने सायकल नको, टॅक्सी करा. आणि पोहायला जाताना मोबाईल-पाकीट वाळूत सोडून जाऊ नका, चोरी इथे याच प्रकारे होते.

आता समुद्र, यावर जरा थांबून बोलतो कारण माणसं इथे जीव गमावतात. कोक्लेसला रिप करंट असतो, म्हणजे पाणी तुम्हाला सरळ खोल समुद्रात ओढून नेतं. तिथे लाईफगार्ड असतात, त्यांना आधी विचारा कुठे उतरायचं, लाल झेंडा दिसला तर पाण्यात जायचंच नाही. ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारत दमू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे या. पोरंबाळं किंवा आईवडील सोबत असतील तर शांत दिवशी पुंता उवा, तिथलं पाणी बऱ्यापैकी निवांत असतं. गावासमोरची साल्सा ब्रावा ही लाट जगभरच्या सर्फर लोकांत प्रसिद्ध आहे पण खाली उथळ प्रवाळ आहे, शिकाऊ माणसाने ती काठावरूनच बघावी.

अजून एक. किनाऱ्यावर मान्सानियो (गावाचं नावही तेच) नावाचं विषारी झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात. फळ खायचं नाही, पानं-चीक हाताला लावायचा नाही, पावसात त्याखाली उभंपण राहायचं नाही, चिकाने कातडी भाजते. लहान मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

खाण्याबद्दल मी कितीही लिहू शकतो. राईस अँड बीन्स म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि राजम्यासारख्या शेंगेचे दाणे, त्यात थाईम हा सुगंधी पाला आणि एक अख्खी पनामा मिरची, ती फुटू न देता वास तेवढा उतरवायचा. घरोघरी हा रविवारचा बेत. दुसरं रोंदोन, नारळाच्या दुधातला मासळीचा रस्सा, त्यात याम, कच्ची केळी, युका आणि नीरफणस. युका म्हणजे ज्याचा आपल्याकडे साबुदाणा होतो तोच कंद, आणि नीरफणस कोकणातल्या लोकांना काप करून खायची सवय असतेच, पण नारळाच्या दुधात मुरलेला तो खाऊन बघाच. रोंदोनला वेळ लागतो म्हणून बऱ्याच ठिकाणी आधी सांगून ठेवावं लागतं. प्यायला आग्वा दे सापो मागा, गूळ, आलं आणि लिंबाचं थंड पेय, उन्हात आपल्या पन्ह्यासारखंच काम करतं.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही पण विचारायला शिका. "सिन कार्ने" (मांस नको) एवढंच म्हटलंत तर चिकन येऊ शकतं, म्हणून "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" (मांस, चिकन, मासे नको) असं पूर्ण म्हणा, आणि बीन्समध्ये डुकराची चरबी नाही ना तेही विचारा. रस्त्यावर मिळणारा पाती हा तिखट सारणाचा पॅटिस, आत सहसा बीफ असतं. गोड हवं तर प्लांतिंता घ्या, पिकल्या केळ्याचं सारण. सोदा म्हणतात अशा छोट्या खानावळीत कासादोचं ताट घ्या, भात, बीन्स, सॅलड, तळलेली केळी, पोटभर आणि स्वस्त. हॉटेलच्या बिलात १० टक्के सर्व्हिस आणि १३ टक्के टॅक्स धरलेला असतो, वेगळी टिप द्यायची सक्ती नाही. डॉलर चालतात पण छोट्या दुकानात कोलोन हे इथलं चलन दिलेलं परवडतं.

एक पूर्ण दिवस काऊइता या गावासाठी ठेवा, साधारण १६ किलोमीटरवर, बसने जाता येतं. तिथल्या नॅशनल पार्कला गावाकडच्या केली क्रीक गेटवर तिकीट नाही, देणगी असते. १९९४ मध्ये सरकारने परदेशी लोकांसाठी पार्कची फी एकदम वाढवली तेव्हा गावकऱ्यांनी विरोध करून गेट ताब्यात घेतलं, आणि त्यातून सरकारसोबत मिळून पार्क चालवायची पद्धत आली. म्हणून फुकट आहे म्हणून घुसू नका, व्यवस्थित देणगी द्या. ट्रेल साधारण ८ किलोमीटरचा, एका बाजूला जंगल एका बाजूला समुद्र. स्लॉथ, म्हणजे झाडाला लटकून राहणारे अतिशय संथ प्राणी, वर फांदीत दिसतात, पण गाईड घेतलात तरच नजरेला पडतील. पिवळाधमक पिट व्हायपर साप फांदीवर निवांत बसलेला असतो, त्यामुळे आधारासाठी झाड धरू नका. कॅपुचिन माकडं आणि रकून खाऊ पळवतात, पिशवी बंद ठेवा. स्नॉर्केलिंगला अधिकृत गाईड घ्यावाच लागतो आणि ते बरोबरच आहे, प्रवाळ आधीच खूप सोसलंय, १९९१ च्या भूकंपात इथला समुद्रतळ वर उचलला जाऊन बराच भाग उघडा पडला होता.

काऊइतात वॉल्टर फर्ग्युसन यांचं नाव विचारा. कॅलिप्सो या कॅरिबियन गाण्यांचे मोठे गायक, २०२३ मध्ये १०३ व्या वर्षी गेले. घरी बसून एकेका माणसासाठी वेगळी कॅसेट रेकॉर्ड करून द्यायचे, त्यातल्या कितीतरी जगभर विखुरल्यात. गावात अजून लाईव्ह कॅलिप्सो होतं, संध्याकाळी कुठे आहे ते विचारून जा.

ब्रिब्री गावांसाठीही दिवस काढा. योर्किनला नदीतून लांब होडीने जातात आणि तिथे स्तिब्राव्पा हा बायकांनी उभा केलेला गट पाहुण्यांची सोय करतो. ब्रिब्रींमध्ये कूळ आईकडून चालतं आणि विधीचा कोको बायकाच करतात, समोर बसून बिया भाजणं, दळणं, सगळं बघायला मिळतं. फोटो काढायच्या आधी विचारा. गमबूट मिळाले तर उत्तम, चिखल भरपूर.

प्राण्यांबरोबर सेल्फीसाठी स्लॉथ हातात घेऊ देतो म्हणणारा कोणी भेटला तर सरळ नाही म्हणा. जवळून बघायचेच असतील तर जखमी प्राण्यांवर उपचार करणारं जॅग्वार रेस्क्यू सेंटर आहे, सकाळी गाईडेड टूर असते.

मच्छरांचं औषध नक्की न्या, डेंग्यू असतो. प्लग अमेरिकन चपट्या पिनचा, १२० व्होल्ट. घरी फोन करताना भारत साडेअकरा तास पुढे आहे हे धरा. इथूनच पुढे पनामाच्या बोकास देल तोरो या बेटांवर जायचा विचार असेल तर सिक्साओला बॉर्डर जवळ आहे, पण पनामाचे व्हिसाचे नियम वेगळे, जमिनीवरून बाहेर पडताना एक्झिट टॅक्स भरावा लागतो आणि पनामाचं घड्याळ एक तास पुढे असतं, तिथली होडी पकडायची असेल तर सकाळी लवकर निघा.