पडण्याची तयारी करून निघा: इंदूरहून झांस्करच्या राफ्टिंगला जाणाऱ्यांसाठी

राफ्टिंगला निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रकारचे सल्ले भरभरून मिळतात: काय विकत घ्यावे आणि किती जोर-बैठका काढाव्यात. नदीत पडल्यावरचे पहिले मिनिट कसे निभवावे, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि माझ्या अनुभवाने खरी तयारी तेवढीच आहे. गेली काही वर्षे मी इंदुरातल्या ओळखीच्या लहान लहान गटांबरोबर गंगेवर आणि लडाखमधल्या झांस्कर नदीवर जात आले आहे. गंगेवरचा शिवपुरी ते ऋषिकेश हा सुमारे १६ किलोमीटरचा टप्पा दोन-तीन तासांत संपतो आणि रस्ता सतत जवळच असतो. झांस्करवर मात्र तीन-चार दिवस उंच कड्यांच्या घळीतून जावे लागते, मुक्काम वाळूच्या काठावर असतो आणि मधूनच परत फिरणे सोपे नसते. हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या सहलीसाठी आहे.

पैसे भरण्यापूर्वी

आयोजकाला जेवणाबद्दल नंतर विचारा. आधी विचारा की पाण्यात एकाच वेळी किमान दोन राफ्ट असतील का, सोबत बचावासाठी कयाक (एका माणसाची हलकी, चपळ होडी) आहे का, गाइडने वेगवान पाण्यातल्या बचावाचे प्रशिक्षण घेतले आहे का, आणि मोबाइल चालत नाही अशा घळीत अपघात झाला तर बाहेर निरोप कसा पोहोचवणार. या चार प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली नाहीत, तर तो आयोजक कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. एकटी राफ्ट उलटली, तर त्यातल्या माणसांना उचलायला दुसरे कोणी नसते, एवढे एकच कारण पुरे आहे. रॅपिड, म्हणजे नदीचे खळाळत्या, वेगवान पाण्याचे टप्पे, एक ते सहा अशा श्रेणींत मोजतात. तुमच्या मार्गावर सर्वांत वरची श्रेणी कोणती आणि त्या महिन्यातल्या पाण्याला ती किती चढते, हेही विचारून घ्या, कारण पाणी वाढले की तीच नदी वेगळी होते. झांस्करवर हा बदल एका दिवसातही दिसतो: दुपारच्या उन्हाने वर बर्फ वितळतो आणि त्यानंतर पाणी चढते.

उंचीचा हिशेब

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि लेह सुमारे ३५०० मीटरवर. विमानाने गेलात तर हा फरक एका दिवसात पडतो. पहिले दोन दिवस लेहमध्ये काहीही न करता काढा आणि त्यानंतरच कारगिल, सुरू खोरे आणि पेन्झी ला खिंडीमार्गे झांस्कर खोऱ्यातल्या पदुमकडे निघा. उंचीवरच्या त्रासाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी.

शरीराच्या तयारीला दोन महिने रोज पाऊण तास भरभर चालणे आणि आठवड्यातून तीनदा पोहणे पुरते. वल्हे दंडाने नव्हे, तर कमरेतून वळून मारायचे असते, आणि ते पहिल्या दिवशी तासाभरात जमते.

पहिले मिनिट

मी लहानपणापासून इंदुरातल्या तरणतलावात पोहत आले आहे. पहिल्यांदा झांस्करवर गेले तेव्हा एका दमात चाळीस फेऱ्या मारण्याची माझी तयारी होती आणि त्या तयारीचा मला भरवसा होता. तिसऱ्या दिवशी एका लाटेने राफ्टची माझ्याकडची बाजू उचलली आणि मी पाण्यात गेले. चाळीस फेऱ्यांतले काहीही त्या क्षणी उपयोगी पडले नाही. पाण्याचा गारवा अंगाला लागताच तोंड आपोआप उघडले, छाती भरून एक मोठा श्वास आत ओढला गेला, आणि तोंड पाण्याखाली असल्यामुळे त्या श्वासाबरोबर नदी आत आली. मग धाप लागली, इतकी की हात कुठे आहेत आणि पाय कुठे, हेही समजत नव्हते.

ही भीती नसते, ही शरीराची प्रतिक्रिया असते. त्वचा एकदम गार झाली की श्वासावरचा ताबा सुटतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तदाब चढतो. यासाठी बर्फासारखे पाणीच लागते असे नाही. १० ते १५ अंश सेल्सिअसच्या पाण्यातही हा धक्का पूर्ण जोराने बसतो, आणि झांस्करला तर हिमनद्यांचे पाणी येऊन मिळते. दिलासा एवढाच की ही धाप साधारण एक ते दीड मिनिटात ओसरते. म्हणून पडल्यावर पहिल्या मिनिटात पोहायचे नसते. लाइफ जॅकेटवर विसंबून पाठीवर तरंगायचे, तोंड वर ठेवायचे आणि लक्ष फक्त श्वास बाहेर सोडण्यावर द्यायचे. आत घेण्याचे काम शरीर आपणहून करते, सोडण्याचे काम मात्र आपल्याला करावे लागते. लाटांमधून वाहत असाल, तर श्वास दोन लाटांमधल्या खोलगट भागात घ्या. शिखरावर घ्यायला गेलात तर नेमके तेव्हाच पाणी तोंडावर येते. श्वास ताब्यात आल्यावर पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय नीट चालतात, नंतर बोटांतली पकड जाते. दोरी धरणे, राफ्टला लटकणे, काठाकडे सरकणे ही कामे त्या दहा मिनिटांतच उरकायची असतात.

या प्रतिक्रियेची सवय घरी करता येते, आणि कोणी काहीही म्हणो, माझ्या मते हीच तयारी सर्वांत महत्त्वाची आहे. गार पाण्यात काही मिनिटे, असे ५-६ वेळा बसले की धाप बरीच कमी होते आणि हा फायदा काही महिने टिकतो. झांस्करचा हंगाम जुलै-ऑगस्टचा असतो, म्हणून आम्ही हे जूनमध्ये करतो. मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात नळाचे पाणी घ्यायचे, बर्फाच्या कारखान्यातून आणलेली लादी फोडून त्यात टाकायची आणि माशांच्या टाकीत ठेवतात तसल्या तापमापकाने तापमान बघायचे. पहिल्या दिवशी २० अंश, नंतर एकेक करत १५ पर्यंत. गळ्यापर्यंत दोन-तीन मिनिटे बसायचे, डोके बुडवायचे नाही, आणि समोर एक माणूस घड्याळ घेऊन बसलेला हवाच. तो माणूस नसेल तर त्या दिवशी टबात उतरू नका. हृदयविकार, रक्तदाब, दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा प्रयोग मुळीच करू नये. अशांनी या नदीवर जावे की नाही, हेदेखील आधी डॉक्टरांना विचारावे.

उभे राहू नका

त्याच दिवशी मी आणखी एक चूक केली, आणि ती जास्त गंभीर होती. वाहत वाहत मी काठाजवळ आले, पायाला तळ लागला आणि मी उभी राहिले. पाणी जेमतेम मांडीपर्यंत होते. पण डावा पाय दोन दगडांच्या फटीत गेला, प्रवाहाने पाठीवर रेटा दिला आणि मी पुढे वाकले. आमचा गाइड राफ्टवरून ओरडत होता, "दीदी, पैर ऊपर! पैर ऊपर!" सँडलचा पट्टा तुटला म्हणून पाय सुटला. पट्टा मजबूत असता तर मांडीभर पाण्यातच माझे तोंड पाण्याखाली दाबले गेले असते.

वेगाच्या पाण्यात उभे राहण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो, कारण तळ लागला की सुटलो असे मन सांगते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो, आणि पाय अडकलेला माणूस तो जोर परतवू शकत नाही. माझा नियम सोपा आहे: वाहत्या पाण्यात बसल्यावर पार्श्वभाग तळाला टेकत नसेल, तर उभे राहायचे नाही. पाठीवर झोपायचे, पाय प्रवाहाच्या दिशेला करायचे, गुडघे किंचित वाकवायचे आणि पायांची बोटे आपल्याला पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. कंबर वर ठेवायची, म्हणजे खडक आलाच तर तळवे त्यावर आपटतील, पाठ नाही. हातांनी मागे पाणी मारत तिरपे होऊन काठाकडे सरकायचे. गाइडने "स्विम" म्हटले, तर मात्र लगेच पालथे होऊन जिवाच्या आकांताने पोहायचे, कारण पुढे काहीतरी चुकवायचे आहे हे त्याला दिसलेले असते.

याचा सराव तरणतलावात होतो. व्यवस्थापकाची परवानगी घ्या, लाइफ जॅकेट आणि अंगभर कपडे घालून काठावरून पाठमोरे पाण्यात पडा, पाठीवर या, बोटे दिसतात का बघा, मग पालथे व्हा आणि पुन्हा उताणे व्हा. वीस वेळा करा. बचावाची दोरी पकडण्याचा सराव तर बागेतही होतो. दोरीची पिशवी फेकली जाते, पण धरायची दोरी, पिशवी नव्हे. ती खांद्यावरून घेऊन छातीशी दोन्ही हातांनी धरायची आणि फेकणाऱ्याकडे पाठ ठेवून उताणे व्हायचे, म्हणजे पाणी डोक्यावरून निघून जाते आणि तोंड मोकळे राहते. दोरी मनगटाला गुंडाळणाऱ्याला मी आमच्या गटात घेत नाही.

इथे एक गोष्ट निक्षून सांगते. आपल्या घरातल्या नळाला नर्मदाच येते, म्हणून ती आपल्याला ओळखीची वाटते, आणि दरवर्षी कोणीतरी "महेश्वरला सहस्रधारेत जाऊन सराव करू" असे सुचवतेच. इंदूरपासून ९० किलोमीटरवर वाहते पाणी आहे, खेलो इंडिया युवा खेळांतली कनू स्लॅलमची (वेगवान पाण्यातून होडी वळवत नेण्याची) स्पर्धाही तिथेच झाली, हे सगळे खरे. पण ते खेळाडू प्रशिक्षित होते आणि बचावाचे पथक काठावर उभे होते. सहस्रधारेत नदी खडकांच्या असंख्य फटींतून वाहते, म्हणजे पाय अडकण्याला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. ओंकारेश्वरलाही जाऊ नका. तिथे वर धरण आहे, आणि पाणी सोडले की पात्रातली पातळी बघता बघता वाढते.

राफ्ट उलटली तर

कधीकधी आपण राफ्टखाली सापडतो. तिथे अंधार असतो, पण हवा मिळू शकते. हात वर करून राफ्टचा तळ चाचपायचा आणि एकाच दिशेने हातावर हात टाकत कडेला यायचे. दिशा बदलली की माणूस खालीच घोटाळतो. बाहेर आल्यावर राफ्टच्या कडेची दोरी धरा, पण राफ्ट आणि पुढचा खडक यांच्या मध्ये कधीही राहू नका. आत ओढणाऱ्याने समोरच्याचे हात धरू नयेत, लाइफ जॅकेटचे खांद्यावरचे दोन पट्टे धरावेत आणि स्वतः मागे पडावे. बारीक अंगाची माणसेही अशा रीतीने धिप्पाड माणसाला आत घेतात.

गाइडच्या आज्ञांपैकी "फॉरवर्ड", "बॅक" आणि "स्टॉप" समजायला कठीण नाहीत. "हाय साइड" मात्र आधीच डोक्यात पक्की हवी. राफ्ट आडवी होऊन खडकावर आदळते तेव्हा माणूस घाबरून खडकापासून दूर, पाणी येते त्या बाजूला झुकतो, आणि तीच बाजू पाण्याखाली जाऊन राफ्ट उलटते. आज्ञा आली की सर्वांनी खडकाकडे झेपावायचे. वल्ह्याच्या वरच्या आडव्या मुठीवरून हात कधीही सोडू नका. सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते, हे मी दोनदा पाहिले आहे.

बॅगेत काय

सुती कपडे नकोत, जीन्स तर अजिबात नको. ओले सुती कापड ऊब देत नाही आणि वाळतही नाही. लोकरीचा किंवा सिंथेटिक कपड्यांचा एक जोड नदीसाठी आणि एक फक्त मुक्कामासाठी ठेवा, आणि मुक्कामाचा जोड पाण्यावर घालण्याचा मोह कितीही झाला तरी घालू नका. पायात टाच झाकणारे, मागून बंद असलेले बूट असावेत. चष्म्याला दोरी आणि सोबत दुसरा चष्मा. रोजच्या औषधांचे दोन संच करून दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. ड्राय बॅग (पाणी आत न शिरणारी पिशवी) तीन-चतुर्थांशच भरा, हवा दाबून काढा आणि तोंड किमान तीन वेळा घडी करून मगच बकल लावा. गच्च भरलेल्या बॅगेला घड्या बसत नाहीत आणि रात्री झोपण्याची पिशवी ओली निघते. शेवेचे पाकीट खुशाल घ्या. थंडीत खारट खावेसे वाटते आणि ते खाऊन पाणीही जास्त प्यायले जाते.

नदीकाठी पहिल्या सकाळी

गाइड सुरक्षेची माहिती देतो तेव्हा फोटो काढू नका. लाइफ जॅकेटचे पट्टे खालून वर ओढत आवळा आणि कोणाला तरी खांद्याचे पट्टे धरून वर खेचायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत आले, तर ते सैल आहे. हेल्मेट कपाळावरून मागे सरकता कामा नये. पहिला रॅपिड पार झाला की जॅकेट भिजून सैल पडते, म्हणून राफ्ट शांत पाण्यात येताच सगळे पट्टे पुन्हा एकदा आवळून घ्या.