प्युअर डेटात नॉइज सिंथ करताय? आधी 64चं गणित बघा

प्युअर डेटा (पीडी), म्हणजे ठोकळे (ऑब्जेक्ट) तारांनी जोडून आवाज घडवायचं सॉफ्टवेअर, उतरवून ऑसिलेटरमधून आवाज काढण्यापर्यंत तुम्ही पोचलाय, असं धरून लिहितोय. मिलर पकेट यांचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि नॉइजसाठी त्यापुढे महागडे प्लगिन मला तरी बिनकामाचे वाटतात. पैसे असतील तर बरा हेडफोन घ्या. गोव्यात रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, त्यामुळे तोच सोबती.

नॉइजची खरी मजा फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेर पडणारा आवाज पुन्हा आत सोडण्यात. पण आउटपुटची तार सरळ इनपुटला जोडली, की पीडी ‘डीएसपी लूप’ म्हणून कुरकुरतं. मग सगळेच मध्ये डिले (आवाज उशिरा पुढे सोडणारी सोय) टाकतात आणि वेळ शून्य ठेवतात. गोची इथेच आहे. पीडी आवाज एकेक सँपल (लहरीचा एक आकडा) मोजत नाही, 64 सँपलचा गठ्ठा एकदम मोजतं. तुम्ही शून्य लिहा नाहीतर काहीही, त्या लूपला निदान एक गठ्ठा उशीर होणारच. सेकंदाला 44100 सँपल, त्यांना 64ने भागा: 689. म्हणजे आत चवथीच्या आरतीतलं घुमट-वाद्य घाला की पत्र्यावरचा पाऊस, गेन (लूपमधल्या आवाजाची पातळी) वाढवला की बाहेर 689 हर्ट्झची आणि तिच्या पटीतली शिट्टी. मी फिल्टर बदलले, केबल बदलली, साउंडकार्डाला शिव्या घातल्या. फोंड्याच्या घरी आई स्वयंपाकघरातून विचारायची, “कुकर झाला काय रे?”

उपाय सोपा आहे. डिलेची लिहिणारी आणि वाचणारी, दोन्ही ऑब्जेक्ट एकाच सबपॅचमध्ये ठेवा (पॅच म्हणजे तुमची ठोकळ्यांची जोडणी, सबपॅच म्हणजे तिच्यातला वेगळा कप्पा) आणि तिथे ‘ब्लॉक~ 1’ टाका, म्हणजे गठ्ठा एकाच सँपलचा. उशीर एका सँपलवर येतो. प्रोसेसरवर ताण पडतो, म्हणून फक्त लूपच आत, बाकी सगळं बाहेर. तीस मिलिसेकंदांचा डिले हवा असेल तर यातलं काही करू नका, तो एका गठ्ठ्याहून मोठाच असतो, तिथे 64चा त्रास होत नाही.

आणि लूपच्या आतच आकड्यांना मर्यादा घालणारा ‘क्लिप~’ लावा. बाहेर लावून काही उपयोग नाही, आत आकडे फुगतच राहतात. पहिल्यांदा चालवताना हेडफोन कानावर नको, टेबलावर. कानाचे पडदे दुकानात मिळत नाहीत.

यात घाबरण्यासारखं काही नाही. पॅच बिघडला तर बिघडला, जुनी प्रत उघडा. कोर्स विकणाऱ्या गुरूंच्या मागे मात्र लागू नका. तुमचा पॅच मुद्दाम मोडून दाखवणारा एक मित्र पुरे.

दुसऱ्याला देताना जास्तीच्या लायब्ररी टाळा, नाहीतर समोरच्याला तुटक रेषांचे मुके डबे दिसतात. सँपल रेट (सेकंदाला किती सँपल) पॅचमध्येच कॉमेंट म्हणून लिहा. म्हापशाच्या मित्राचं मशीन 48000वर होतं, त्याच्याकडे तीच शिट्टी 750वर गेली आणि त्याला वाटलं, मी तसाच सूर लावलाय. पॅच म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, चिमूटभर आकाराची. सोबत मिनिटभराचं रेकॉर्डिंग जोडा, म्हणजे नेमकं काय ऐकू यायला हवं ते त्याला कळेल.