फॉल्स सीलिंग झुकतंय? वरची जाड केबल स्लॅबला टांगा

लक्षण असं: सीलिंगची ग्रिड एकाच रेषेत खाली आलेली, टाइल्स कडेने सुटत होत्या. वर पाहिलं तर चार कोअरची आर्मर्ड (आत चार तारा, बाहेरून धातूचं कवच) केबल थेट ग्रिडवर पसरलेली. ग्रिडला जादा तारा बांधल्या, केबल एसीच्या डक्टला टायने आवळली. काही दिवसांत पुन्हा तेच. फार वैताग आला.

शेवटी हे चाललं. आधी सप्लाय बंद, ब्रेकरला कुलूप, टेस्टरने खात्री. मार्गावरच्या टाइल्स काढून स्लॅबवर खडूने रेषा मारली, स्प्रिंक्लरचे पाइप टाळून. (पोस्ट-टेन्शन, म्हणजे आत ताणलेल्या स्टीलच्या तारा असलेला स्लॅब असेल तर स्कॅन केल्याशिवाय ड्रिल लावूच नका!) एम-10 ड्रॉप-इन अँकरसाठी (भोकात ठोकला की फुगून पकडणारी, आत आटे असलेली धातूची नळी) 12 मिमीचं भोक, आतली धूळ ब्लोअरने पूर्ण साफ. धूळ राहिली की अँकर नीट पकडत नाही. मग अँकर ठोकून आट्यांचे रॉड, त्यावर आडवे चॅनल, वर जाळीदार ट्रे, ट्रेला अर्थिंग.

केबल मोकळी करून ड्रमवर गुंडाळली, ड्रम जॅकवर चढवला. ट्रेमध्ये रोलर, टोकाला ओढायचा जाळीदार मोजा, नायलॉनचा दोर. प्रत्येक वळणावर एक माणूस उभा. खरी कसोटी तिथेच. वळणाची त्रिज्या केबलच्या डेटाशीटमधल्या आकड्यापेक्षा कमी होऊ दिली नाही. झटके न देता सावकाश ओढलं.

टर्मिनेशनआधी, म्हणजे केबलची टोकं जोडण्याआधी, 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर) इन्सुलेशन तपासलं. 1 मेगाओहमच्या खाली असेल तर सप्लाय देऊ नका. ग्रिड लेव्हल करून टाइल्स बसवल्या. सीलिंग आता सरळ आहे.