गाळाचा हिशेब : पर्यावरण अनुपालनाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमआयडीसीतल्या एखाद्या रासायनिक कारखान्यात पर्यावरण विभागात रुजू झालात, की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची, म्हणजे कारखाना चालवण्याच्या परवानगीची, फाइल लगेच तुमच्या हाती येते. संमतीपत्राची मुदत, घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण म्हणजे ३० जूनपर्यंतचा फॉर्म चार आणि पर्यावरण विवरणपत्र म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंतचा फॉर्म पाच या गोष्टी तुम्हाला ठाऊक असतील असे मी धरून चालते. तारखा पाळणे हा या कामाचा सोपा भाग आहे. एकाच कारखान्याविषयी निरनिराळ्या कागदांवर लिहिलेले आकडे एकमेकांशी जुळवणे कठीण असते, कारण हे काम कोणत्याही एका विभागाच्या वाट्याला आलेले नसते.

संमतीपत्राचे पहिले पान वाचून थांबू नका. कोणते उत्पादन किती घ्यायचे, रोज किती सांडपाणी सोडायचे, कोणता घातक कचरा वर्षाला किती निर्माण होऊ द्यायचा आणि बँक हमी कोणत्या अटीपोटी दिली आहे, हे सारे पुढच्या पानांवर असते. जमिनीवरील जलस्रोतात सोडायच्या पाण्यासाठी सीओडीची (पाण्यातल्या प्रदूषकांना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मोजमापाची) सर्वसाधारण मर्यादा प्रतिलिटर २५० मिलिग्रॅम आहे, पण तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडा असेल तर तोच तुम्हाला लागू होतो.

मला ज्या गोष्टीने सर्वाधिक छळले ती म्हणजे ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, गाळ, आणि तिच्याविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे. फिल्टर प्रेसमधून, म्हणजे गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातून, निघालेला गाळ ओला असतो. ऑपरेटर त्याचे त्याच वेळी वजन करतो आणि लॉगबुकात नोंदवतो. पुढे तो गाळ वाळवण्याच्या वाफ्यांवर पडून राहतो, त्यातले पाणी उडून जाते, आणि विल्हेवाट केंद्राची गाडी येते तेव्हा वजनकाट्यावर भरतो तो वाळलेला गाळ. समजा, वर्षभरात लॉगबुकात १० टन चढले आणि मॅनिफेस्टांची, म्हणजे कचऱ्याच्या गाडीसोबत जाणाऱ्या रवानगीपत्रांची, बेरीज ६ टन झाली. फॉर्म चारमध्ये निर्माण झालेल्या कचऱ्यासमोर लॉगबुकातले १० आणि पाठवलेल्या कचऱ्यासमोर मॅनिफेस्टांतले ६ भरले, तर कागदावर ४ टन शिल्लक राहतात, आणि प्रत्यक्षात साठवणुकीची शेड झाडून पुसून रिकामी असते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने ते ४ टन कुठे गेले असे विचारले, तर त्याचा प्रश्न रास्तच असतो, कारण घातक कचरा नाल्यात किंवा माळावर टाकला गेल्याचा संशय नेमका अशाच तफावतीतून येतो. आमच्या कारखान्यात ही तफावत मी येण्याच्या कितीतरी आधीपासून दरवर्षी पुढे ओढली जात होती, आणि तिचे लेखी उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आली. गाळ पाणी उडून गेल्यामुळे हलका झाला हे खरे असूनही ते दाखवणारा एकही कागद फाइलमध्ये नव्हता, आणि ते उत्तर तयार करताना मला रात्र रात्र झोप लागत नसे.

यावरचा उपाय सोपा आहे, मात्र तो वर्षाच्या आरंभीच करावा लागतो. लॉगबुकात ओल्या वजनाचा आणि वाळल्यानंतरच्या वजनाचा असे दोन वेगळे रकाने ठेवा, गाळातील ओलाव्याची प्रयोगशाळेकडून वेळोवेळी चाचणी करून घ्या आणि विवरणात कोणते वजन धरले आहे हे स्पष्ट लिहा. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार साठवणुकीची मुदत सर्वसाधारणपणे ९० दिवसांची आहे, तेव्हा प्रत्येक गाडी गेली की आरंभीची शिल्लक, निर्मिती, रवानगी आणि अखेरची शिल्लक यांचा मेळ घाला. जूनमध्ये बसून वर्षभराचा मेळ घालू पाहाल तर तो बसणार नाही.

सल्लागारांविषयी माझे मत कडू आहे. गेल्या वर्षीचा फॉर्म उघडून त्यात थोडेफार आकडे बदलून देणारे सल्लागार स्वस्तात मिळतात. मात्र खुलासा मागितला जातो तेव्हा उत्तर कारखान्यालाच द्यावे लागते. हे काम मी शिकले ते पाळीवर असलेल्या ईटीपी ऑपरेटरकडून. पुस्तकी शिक्षण त्यांचे बेताचे होते, पण टाकीवरच्या फेसाचा रंग पाहून आज कोणत्या प्लांटमधून काय आले ते ते सांगत. त्यांना आदराने विचारा आणि लॉगबुक त्यांनाच भरू द्या. एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेले आणि रोज पीएच ७.२ दाखवणारे पान अनुभवी अधिकारी क्षणात ओळखतो. त्यानंतर तो ईटीपीच्या स्वतंत्र वीजमीटरचे वाचन पाहतो, आणि पंप चाललेच नसतील तर ते तिथे उघड होते.

हे हलक्यात घेऊ नका. १९७४च्या जल अधिनियमाच्या, म्हणजे जलप्रदूषण रोखण्याच्या कायद्याच्या, कलम ३३अ खाली मंडळ उद्योग बंद करण्याचे आणि वीज-पाणी तोडण्याचे निर्देश देऊ शकते, आणि तसे झाले की रोजावरच्या कामगारांची चूल आधी थंडावते.

तरीही तपासणीच्या दिवशी घाबरून जाण्याचे कारण नाही. सांडपाण्याचा नमुना घेताना अधिकाऱ्याने तुम्हाला त्याची सूचना देणे, नमुन्याचे दोन भाग करणे आणि ते सीलबंद करून त्यांवर दोघांच्या सह्या घेणे हे याच अधिनियमाच्या कलम २१ मध्येच सांगितले आहे. दुसरा भाग राज्य शासनाने स्थापलेल्या किंवा नेमलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवण्याची विनंती तुम्ही करू शकता. ती जागेवरच, नम्रपणे आणि लेखी करा.