अंगठ्याचं लिगामेंट दुखावलंय? मग सायकल जरा थांबू दे
पडताना हात हँडलवरच राहिला की अंगठा बाहेरच्या बाजूला ताणला जातो आणि त्याच्या मुळाशी, तर्जनीकडच्या अंगाला असलेलं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा, फाटतं. 'मुरगळला असेल' म्हणून तेल चोळत बसू नका. किल्ली फिरवताना किंवा चिमटीत कागद धरताना जोर लागत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा. पूर्ण तुटलेल्या लिगामेंटचं टोक कधीकधी शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर अडकतं. मग कितीही दिवस स्प्लिंट (अंगठा हलू न देणारा आधार) बांधा, ते जुळत नाही, शस्त्रक्रियाच लागते. अर्धवट फाटलं असेल तर साधारण ४ ते ६ आठवड्यांचा स्प्लिंट बहुतेक वेळा पुरतो.

तेवढे दिवस रस्ता नकोच. स्प्लिंट घालून हँडल धरता येतं हो, पण खड्डा समोर आल्यावर ब्रेक कसा दाबणार? पाय शिवशिवत असतील तर घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, ताठ बसून, हातावर भार न टाकता पेडल मारा.

डॉक्टरांनी मोकळीक दिली की आधी उभ्या सायकलवर ब्रेक करकचून दाबून पाहा. अंगठ्याने बदलायचे गिअर असतील तर तेही. दुखलं, तर अजून थांबा. पहिल्या फेऱ्या सपाट रस्त्यावर, अर्ध्या तासाच्या. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: पंक्चर काढल्यावर टायर रिमवर चढवताना सगळा जोर अंगठ्याचाच असतो. काही महिने तरी जोडीदाराशिवाय लांब जाऊ नका.