गावातलं कुठलं काम कुठल्या ऑफिसात होतं, निघायच्या आधी एवढं वाचा

तालुक्याला एक हेलपाटा म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी जाते, वर एसटीचं भाडं, आणि तिथे गेल्यावर कळतं की हे काम इथे होतच नाही. म्हणून आधी एवढं समजून घ्या की महाराष्ट्रात गावापासून जिल्ह्यापर्यंत सरकारच्या दोन वेगळ्या लाईनी आहेत.

एक महसूलची. तलाठी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण लोक तलाठीच म्हणतात), त्याच्यावर सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी, मग तहसीलदार, प्रांत (म्हणजे उपविभागीय अधिकारी), कलेक्टर, आणि वर विभागीय आयुक्त. राज्यात जिल्हे 36 आणि विभाग 6. दुसरी लाईन आपण मत देतो ती, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, त्यात सरपंच, सभापती, अध्यक्ष हे निवडून आलेले आणि ग्रामसेवक (या पदाचंही नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय), बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, सीईओ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी हे सरकारी नोकर.

आता खरा घोळ कुठे होतो तर आठ नंबरच्या उताऱ्याला. शेतजमिनीचा 8-अ आणि सातबारा तलाठ्याकडे, आणि गावठाणातल्या घराचा नमुना 8 ग्रामपंचायतीत. बँकवाला नुसतं "आठचा उतारा आणा" म्हणतो आणि माणूस भलताच कागद घेऊन येतो, तेव्हा शेताचा की घराचा हे तिथेच विचारून घ्या. वारस लावायचे असतील किंवा खरेदीची नोंद करायची असेल तर फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, तलाठी धरतो, हरकतीला 15 दिवस असतात, मंजूर सर्कल करतो, आणि तो निर्णय पटला नाही तर अपील प्रांताकडे, तिथे सरपंचाच्या मागे लागून काही होत नाही कारण ती लाईनच वेगळी. जमिनीची मोजणी मात्र भूमी अभिलेख कार्यालयाकडे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, जातीचा प्रांताचा, अर्ज दोन्हीचा आपले सरकार केंद्रात. जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टी, नळ, गटार, दिवाबत्ती ही ग्रामपंचायतीची कामं, आणि शहरात हीच कामं नगरपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेकडे, पण उत्पन्नाचा दाखला शहरातल्या माणसालाही तहसीलदाराचाच लागतो.

कुठेही अर्ज दिला की पोच घ्याच, सही-शिक्क्याची, तारखेसकट. 2015 च्या सेवा हक्क कायद्यात जी सेवा येते तिला मुदत ठरलेली आहे, ती उलटली की त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि तिथे तुमची पोचच कामी येते, तोंडी "मी देऊन आलो होतो" याला कोण विचारत नाही. आणि काम ग्रामपंचायतीचं असून होत नसेल तर ग्रामसभेत लेखी मांडा, ते प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहिलं का ते उठायच्या आधी बघा.