पूलमध्ये नेम कुठे चुकतो? या चुका टाळा

पूलचं टेबल तासाच्या हिशेबानं मिळतं, म्हणून आमच्या इंदूरची पोरं क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, हातात आला की लगेच वाकतात. वाकल्यावर नेम शोधतात, आणि बॉल पॉकेटच्या जबड्यावर आपटून परत आला की टेबलाला नावं ठेवतात. टेबल क्वचितच वाकडं असतं. ज्या प्रदेशात, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, १८७५ साली स्नूकर जन्माला आला, तिथे क्यूच्या खेळाकडे टाइमपास म्हणून बघितलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. क्यूनं मारायचा तो पांढरा बॉल, आणि तो नेमका कुठे पाठवायचा हे शिकता येतं. पण बहुतेकांचं घोडं त्याच दोन-तीन ठिकाणी अडतं.

पांढऱ्याचा मध्य बिंदूवर रोखणं

रंगीत बॉलला कुठे धक्का बसायला हवा, तो बिंदू नवशिक्यांनाही बरोबर दिसतो. पॉकेटपासून बॉलच्या मध्यातून रेघ ओढा, ती मागच्या बाजूला जिथे बाहेर पडेल तो बिंदू. गडबड पुढे होते. पांढऱ्याचा मध्य सरळ त्या बिंदूवर रोखला जातो. समोरासमोरच्या शॉटला हे चालून जातं, म्हणून शंकाही येत नाही. कट आला, म्हणजे रंगीत बॉल तिरका पाठवायचा असला, की बॉल जाड लागतो, हवा त्यापेक्षा जास्त समोरासमोर, आणि मार्कर, म्हणजे पार्लरमधला टेबल सांभाळणारा, बसल्या जागेवरून म्हणतो, "भिया, मोटी लग गई."

पांढरासुद्धा गोलच आहे ना! पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा. बिंदूला टेकते ती पांढऱ्याची कड. त्याचा मध्य त्या क्षणी अर्धा बॉल मागे असतो. ३० अंशांचा कट घ्या. तिथे पांढऱ्याचा मध्य रंगीत बॉलच्या कडेवर रोखावा लागतो, म्हणजे समोरून बघितलं तर अर्धा बॉल झाकला जातो. तोच मध्य बिंदूवर रोखलात तर कट मिळतो जेमतेम साडेचौदा अंशांचा. मग बॉल पॉकेटमध्ये जाणार कसा?

माझ्याकडे कोणी शिकायला आलं की मी एक जादा बॉल घेतो. रंगीत बॉलच्या मागे, पॉकेटच्या रेषेत, चिकटवून ठेवतो. त्याच्या बरोबर मध्याखाली येईल असा कागदाचा बारीक तुकडा कापडावर ठेवतो आणि जादा बॉल उचलून घेतो. आता उभं राहून त्या कागदाकडे बघायचं आणि पांढऱ्याचा मध्य त्याच्यावरून न्यायचा. यालाच घोस्ट बॉल म्हणतात. थोड्या वेळात पोरं कंटाळतात आणि मोबाइलवर बघितलेल्या, नेम धरायच्या सेंटर-टू-एज पद्धतीबद्दल विचारू लागतात. ती पद्धत वापरणारे चांगले खेळाडू आहेत, मी नाकारत नाही. पण अर्धा बॉल, पाव बॉल, पाऊण बॉल डोळ्याला ओळखू यायच्या आधी कुठलीही पद्धत उचलू नये, असं माझं ठाम मत आहे. कागदाला कंटाळणारा पद्धतीलाही कंटाळतो.

गरज नसताना साइड

रामबागेतल्या एका मुलाचा हात फार चांगला. एका पार्लरमधल्या दिवाळीच्या स्पर्धेत, एट-बॉलच्या निर्णायक फ्रेममध्ये त्याचा फक्त काळा उरला होता. कोपऱ्याचं पॉकेट मोकळं, कट थोडासाच, पांढरा साधारण मीटरभर लांब. काळा पडला की फ्रेम संपली, म्हणजे त्यानंतर पांढरा कुठे थांबतो याला काहीच अर्थ नव्हता. तरी त्यानं उजवी साइड लावली, म्हणजे पांढऱ्याच्या मध्याच्या उजवीकडे मारून त्याला फिरकी दिली, आणि जोरात मारलं. काळा जबड्यावर लागून पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबला. समोरच्याला तो नुसता ढकलायचा होता.

"काका, नेम तर बरोबर होता!" तो म्हणाला. नेम खरोखरच बरोबर होता, मी मागे उभा राहून बघितला होता. दुसऱ्या दिवशी रिकाम्या टेबलावर त्याला पांढरा उजव्या साइडनं, जोरात, समोरच्या कुशनवरच्या खुणेवर पाठवायला लावला. तो खुणेच्या डावीकडे लागला. परत मारला, परत डावीकडे. क्यूची टिप, म्हणजे टोक, पांढऱ्याच्या एका बाजूला लागली की पांढरा किंचित दुसऱ्या बाजूला सरकून निघतो. दोनच अंशांचा फरक धरला तरी मीटरभरावर साडेतीन सेंटिमीटर होतात, म्हणजे अर्ध्या बॉलपेक्षा जास्त. हळू मारलं तर कापडाच्या घर्षणानं पांढरा साइडच्या दिशेला थोडा वळून परत येतो आणि चूक झाकली जाते. म्हणूनच एकच शॉट हळू मारला की पडतो, जोरात मारला की चुकतो, आणि पोरांना कारण कळत नाही. महागडी लो-डिफ्लेक्शन शाफ्ट, म्हणजे क्यूचा खास बनवलेला पुढचा भाग, हा फरक कमी करते, शून्य करत नाही.

मी नवीन माणसाला सुरुवातीचे काही महिने साइड लावूच देत नाही. पांढऱ्यावर फक्त उभी रेघ: वर मारा, मध्ये मारा, खाली मारा. नीट स्टन बसला, म्हणजे धडकताना पांढरा पुढे-मागे न फिरता नुसता सरकत आला, की तो रंगीत बॉलच्या वाटेला ९० अंश करून निघतो. घरंगळत जाऊन अर्धा बॉल लागला तर आपल्या मूळ वाटेपासून ३० ते ३५ अंश वळतो. एवढ्यावर पोझिशनचं, म्हणजे पांढरा पुढच्या शॉटसाठी सोयीच्या जागी आणायचं, पुष्कळसं काम होतं. १९९९ मध्ये कार्डिफला नाइन-बॉलचं विश्वविजेतेपद जिंकणाऱ्या एफ्रेन रेयेसचे व्हिडिओ बघून सगळ्यांना साइडचा मोह होतो. पण साइड लावताना पांढरा किती सरकणार याचा हिशेब त्याच्या हातात मुरलेला आहे. तो मुरण्याआधी नक्कल करून काय मिळणार?

बाकीच्या चुका

वाकल्यावर नेम पटला नाही तर मनगट वळवून दुरुस्ती करू नका. उठा, मागे या, रेषा पुन्हा बघा, पाय त्या रेषेवर टाका आणि मगच वाका.

क्यू नेमका कुठल्या डोळ्याखाली हवा, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. लांबचा सरळ शॉट घेऊन हनुवटी डावी-उजवी सरकवत राहा. जिथे सरळ रेषा सरळ दिसेल तीच तुमची जागा. मित्राची बघून उचलू नका.

बॉल पॉकेटमध्ये पडेपर्यंत डोकं वर काढू नका.

स्नूकरवरून पूलकडे आलेल्यांनी लक्षात ठेवा: तुमचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा होता. अर्ध्या बॉलचा कट इथेही ३० अंशांचाच, पण घोस्ट बॉलचा मध्य थोडा आणखी मागे जातो.

चॉक टिपवर टेकवून गरागरा फिरवू नका, कड न सोडता हलक्या हातानं घासा.

आणि हळू मारलेला स्टन कट. इथे दोन बॉल एकमेकांना घासतात आणि रंगीत बॉल काही अंश ओढला जातो, म्हणजे जाड लागल्यासारखाच जातो. असा शॉट मी किंचित पातळ कापतो, नाहीतर पांढऱ्याला घरंगळत जाऊ देतो. बॉल मळलेले असले की ही ओढ वाढते. तेव्हा रॅक लावायच्या आधी मार्करकडून फडकं मागून घ्या आणि बॉल स्वतः पुसा, निदान पांढरा तरी.